मधल्या मारुतीजवळचं भुसार दुकान : ज्वारी बिनघोर घ्या, बाजरीचं पीठ मात्र नको

माझा कडक भाकरीचा धंदा आहे. जुळे सोलापुरात घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये आम्ही पाच-सहाजणी सकाळपासून थापायला बसतो. आमच्या भाकरी पुण्याला जातात, मुंबईला जातात, कुणाच्या पोराच्या बॅगेतून अमेरिकेलाही गेल्यात. सांगायचं कारण एवढंच की ज्वारी मी पिशवीनं नाही, कट्ट्यानं, म्हणजे पोत्यानं घेते. भाकरी तव्यावर फाटली तर दोष ज्वारीचा असला तरी बोल मला बसतो. त्यामुळे धान्याच्या दुकानाबद्दल मी जरा जास्तच चिकित्सा करते, हे आधीच कबूल.

हे दुकान सोलापुरातल्या मधल्या मारुतीकडून आत गल्लीत आहे. पाटीवरचं नाव उन्हानं उडून गेलंय, पण कुणालाही ‘अण्णांचं दुकान’ म्हटलं की हात करून दाखवतात. अण्णा सत्तरीच्या पुढचे, कपाळावर विभूती. बाहेरून आलेल्या शेतकऱ्याशी कानडीत, हमालाशी तेलुगूत आणि आपल्याशी मराठीत बोलतात. भाव तिन्ही भाषांत एकच. मुलगा हिशेबाला बसतो. गल्ल्यामागं भिंतीवर कॅलेंडर आहे आणि त्यावर सणांना नाही, नक्षत्रांना लाल पेनानं गोल केलेले असतात.

दुकानाबद्दल चांगलं सांगायचं तर पहिली गोष्ट ही. कुठल्याही पोत्याला हात लावा, अण्णा सांगतात की माल कुठल्या गावचा, कसल्या रानातला आणि कधी पेरलेला. माहीत नसेल तर “ठाऊक नाही अक्का, यार्डातनं उचललाय” असं तोंडावर सांगतात. हे ‘ठाऊक नाही’ मला सोलापुरातल्या दुसऱ्या कुठल्या दुकानात ऐकायला मिळालेलं नाही. बाकी सगळीकडं सगळी ज्वारी मंगळवेढ्याचीच असते. २०१६ मध्ये मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळालं आणि तेव्हापासून तर तालुक्यात पिकते त्यापेक्षा जास्त मंगळवेढा ज्वारी दुकानांतच पिकायला लागलीय की काय, अशी मला शंका येते. माझं माहेर त्याच बाजूचं. तिथलं काळं रान किती खोल आहे ते विहीर खोदताना बघितलेलं आहे, त्यामुळे मला कुणी पाटी दाखवून भुलवू शकत नाही. गेल्या चैत्रात मी अण्णांना मंगळवेढ्याचीच द्या म्हटलं, तर म्हणाले, “ही बोरामणीची हाय. रान चांगलंय, दाणा बी चांगलाय. पण मंगळवेढ्याचीच पायजे असंल तर पंधरा दिवस थांबा.” गिऱ्हाईक हातात आलेलं असताना थांबा म्हणणारा दुकानदार!

मी थांबले नाही, बोरामणीचीच घेतली. ४५ रुपये किलोनं पडली आणि वर्षभर तक्रारीला जागा नाही.

आता ज्वारीचं जरा सविस्तर सांगते, कारण पुण्या-मुंबईच्या बायका मला फोनवर विचारतात की ‘तुमच्याकडची ज्वारी एवढी पांढरी कशी, पॉलिश करता का?’ पॉलिश नाही हो, हंगाम. आपला जिल्हा सह्याद्रीच्या पावसाच्या सावलीतला. मृगाला ढग येतात, थोडा पाऊस होतो, मग जुलै-ऑगस्टमध्ये नुसता वारा सुटतो. खरा भरवशाचा पाऊस सप्टेंबरात, परतीचा. म्हणून भारी काळ्या रानात आपले शेतकरी खरिपाला काही पेरतच नव्हते. रान मोकळं ठेवायचं, कुळवाच्या पाळ्या घालायच्या, पाऊस जमिनीत मुरवायचा आणि त्या ओलीवर रब्बीची ज्वारी घ्यायची. पेरल्यानंतर पाऊस नाही झाला तरी ती ओल खालून वर पुरते. दाणा भरतो तो थंडीत आणि पिकतो कोरड्या हवेत, त्यामुळे डाग नाही, बुरशी नाही. खरिपातली संकरित ज्वारी उलट सप्टेंबर-ऑक्टोबरच्या पावसात कणसात येते, भिजते, काळी पडते. ती कोंबड्यांच्या खाद्याला जाते, भाकरीला आणू नये. सरकारी हमीभावातही फरक ठेवलेला आहे : २०२५-२६ साठी संकरित ज्वारीला क्विंटलमागं ३,६९९ रुपये आणि मालदांडीला, म्हणजे आपल्या रब्बीच्या वाणाला, ३,७४९. अण्णांना हा आकडा सांगितला तर म्हणाले, “चवीचं पन्नास रुपये धरलं म्हणायचं.”

अण्णा माल घेताना शेतकऱ्याला पहिला प्रश्न विचारतात तो भावाचा नसतो. “उत्तरात पेरली का हस्तात?” सप्टेंबरच्या मध्याला उत्तरा नक्षत्र लागतं, २७ च्या आसपास हस्त. १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर हा पेरणीचा महिना. त्याआधी घाई केली तर खोडमाशी पोंगा, म्हणजे मधला कोंब खाते, उशीर केला तर ओल उडालेली असते आणि दाणा बारीक राहतो. अण्णा मूठभर दाणे तळहातावर घेऊन पसरतात आणि बऱ्याचदा शेतकऱ्यानं सांगायच्या आधीच त्यांना कळलेलं असतं. मी एकदा विचारलं, हे तुम्हाला दाण्यावरनं कसं समजतं? तर म्हणाले, दाण्यावरनं पेरणी समजते आणि मालकाच्या बोलण्यावरनं कोळपणी. ही कोळपणीची, म्हणजे पिकाच्या ओळींमधली माती हलवायची गोष्ट मला माहेरी माहीत होती, पण इतक्या बारकाईनं कुणी सांगितली नव्हती. पहिली कोळपणी तीन आठवड्यांनी फटीच्या कोळप्यानं, दुसरी पाचव्या आठवड्यात पासेच्या कोळप्यानं, तिसरी आठव्या आठवड्याला दातेरी कोळप्यानं. तोवर काळ्या रानाला भेगा पडायला लागतात आणि त्या भेगांतून खालची ओल उडून जाते. दातेरी कोळपं माती पाडून त्या भेगा बुजवतं. पाणी देणं हातात नाही, तर असलेलं जाऊ द्यायचं नाही. सोलापूरच्या कोरडवाहू संशोधन केंद्रात १९३३ पासून हेच काम चाललंय, पावसाचा थेंब रानात कसा अडवायचा ते. आपल्या गावात असून किती लोकांना माहीत आहे कोण जाणे.

वाणाचं म्हणाल तर बाजारात सगळ्याला सरसकट मालदांडी म्हणतात. खरी मालदांडी ३५-१ ही मोहोळच्या संशोधन केंद्रावर इथल्याच गावठी मालदांडीतून निवडून काढलेली, स्वातंत्र्याच्याही आधीची. अजून टिकून आहे, यातच सगळं आलं. पण आता राहुरीच्या विद्यापीठाचे वाण भरपूर पेरले जातात आणि ते रान बघून असतात. हलक्या रानाला फुले अनुराधा किंवा फुले माऊली, मध्यम रानाला फुले सुचित्रा, भारी रानाला फुले वसुधा किंवा फुले यशोदा, पाण्याची सोय असेल तर फुले रेवती. अण्णांच्या मुलानं पोत्यांना खडूनं वाणाचं नाव लिहायची पद्धत काढलीय. सगळ्या पोत्यांवर नसतं, पण असतं तिथं खरं असतं. वसुधाचा दाणा टपोरा आणि मोत्यासारखा पांढरा. भाकरी दिसायला देखणी. माझं मत विचाराल तर कडक भाकरीला मला मालदांडीच बरी वाटते. दिसायला वसुधाच्या मागं असेल, पण पातळ थापली तरी कड फुटत नाही आणि वाळल्यावर दाताखाली मोडते, चिवट होत नाही. मऊ भाकरी खाणाऱ्या घराला वसुधा घ्यायला काहीच हरकत नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, अण्णा नमुना देतात. मूठभर नाही, चांगली दोन किलो. “दळून बघा, थापून बघा, मग कट्टा सांगा.” मी घरी दळून आणते, एक भाकरी लगेच करते आणि एक त्याच पिठाची चार दिवसांनी. पीठ विरी गेलं तर चौथ्या दिवशी कळतं, ऊन पाणी घालूनसुद्धा हाताखाली एकजीव होत नाही, थापताना कडेला चिरा पडतात. जुन्या ज्वारीचं तसंच होतं. नमुना एक आणि कट्ट्यात दुसराच माल, असं इथं आजवर झालेलं नाही. मी कट्टा उलटा करून बुडापासून बघते, अण्णा काही म्हणत नाहीत. मुलगा जरा तोंड वाकडं करतो.

एका वर्षी फेब्रुवारीत ज्वारी काढणीला आलेली असताना अवकाळी पाऊस झाला. बाजारात डागी ज्वारी चाळून, चांगल्यात मिसळून खपवली गेली. अण्णांनी तेवढी पोती वेगळी लावली आणि पुठ्ठ्यावर लिहिलं, ‘पावसात भिजलेली. जनावराला.’ भाव निम्म्याच्या आसपास. तेव्हापासून मी दुसरीकडं बघायचं सोडलं.

ज्वारी महाग झाली, अशी तक्रार सगळे करतात. २०२३ हे भरडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष झालं आणि ज्यांच्या घरी आजीच्या काळापासून भाकरी होती तेही तिला मिलेट म्हणायला लागले, तो भाग वेगळा. खरं कारण रानात आहे. ज्वारी उपटून काढायची, मुळासकट, हातानं, पेंढ्या बांधायच्या, कणसं मोडायची. मजूर मिळत नाही, मिळाला तर परवडत नाही. उजनीचं पाणी ज्यांच्या रानात पोचलं त्यांनी ऊस लावला, कारखाने तर जिल्ह्यात ढीगभर. सांगोल्याकडं डाळिंब, पंढरपूरकडं द्राक्ष आणि बेदाणा, करमाळ्याकडं आता केळीसुद्धा. कडब्याला भाव आहे म्हणून बरेचजण अजून ज्वारी करतात. एखाद्या वर्षी दाण्यापेक्षा कडब्याचाच आधार होतो. अण्णांचे वडील बहात्तरच्या दुष्काळात याच दुकानात होते. तेव्हा रेशनवर अमेरिकेचा लाल मिलो, म्हणजे तिकडची लाल ज्वारी यायची. मंगळवेढ्याच्या माणसानं मिलोची भाकरी खाल्ली, हे सांगताना अण्णांचा आवाज अजून चढतो.

ज्वारी सोडून बाकीच्या मालाचं थोडक्यात. मूग आणि उडीद मृगात-आर्द्रात पेरून सत्तर-ऐंशी दिवसांत निघतात, त्यामुळे गणपतीच्या आगंमागं दुकानात नवा माल दिसायला लागतो. अक्कलकोटकडचा उडीद चांगला असतो, पण काढणीत पाऊस गाठला तर दाणा मऊ पडतो, तेव्हा दाताखाली चावून बघा. सोयाबीन इथं मिळत नाही, ते सरळ यार्डात आणि तेलाच्या मिलला. तूर मात्र घ्यावी. जूनमध्ये पेरलेली तूर संक्रांतीला घरात येते, सहा-सात महिने रान अडवून बसते, म्हणून भाव खाते. अण्णांकडं इथल्या तुरीची डाळ असते आणि शेजारच्या पोत्यात गुलबर्ग्याची, जिला २०१९ मध्ये मानांकन मिळालं. दोन्ही शिजवून बघितल्या. गुलबर्ग्याची वासाला सरस, पण रोजच्या आमटीला तेवढे जास्त पैसे घालायची गरज मला वाटली नाही. हरभरा फेब्रुवारीत येतो, ठीक असतो. गहू मी इथं घेत नाही. तो बाहेरून मध्य प्रदेशातून येतो आणि त्याबद्दल अण्णांना सांगण्यासारखं काही नसतं. पोत्यावर छापलेलं वाचून दाखवतात.

करडईबद्दल मात्र लिहायलाच पाहिजे. सोलापुरात करडईचं तेल खाल्लेल्या माणसाला दुसरं तेल पाण्यासारखं लागतं. पूर्वी ज्वारीच्या रानाला चारी बाजूंनी करडईचे काकर टाकायचे. काट्याच्या झाडात गुरं शिरत नाहीत, कुंपणही झालं आणि तेलबीही आली. तिचं मूळ खोल जातं, त्यामुळे पाऊस कमी असला तरी तग धरते. पेरणी ज्वारीच्याच सुमारास, काढणी फेब्रुवारी-मार्चमध्ये. पण काढताना हात फाटतात, म्हणून लोकांनी सोडलं. अण्णा अजून चार गावांतून करडई गोळा करतात आणि आधी सांगून ठेवलं तर घाण्यावरून तेल काढून आणून देतात. महाग आहे. डबा भरून ठेवायच्या भानगडीत पडू नका, उन्हाळ्यात वास धरतं. दोन किलो घ्या, संपवा, परत घ्या. शेंगा चटणीत वरून एक चमचा घालून बघा.

शेंगदाणेही इथले बरे आहेत. चटणीला मी उन्हाळी भुईमुगाचे घेत नाही, दिवाळीच्या आसपास येणारे खरिपाचे बारीक दाणे घेते. उखळात कुटल्यावर तेल सुटतं आणि चटणी बसते. डिसेंबर-जानेवारीत हुरड्याची कणसं कुणी शेतकरी आणून टाकतो, गूळभेंडी किंवा सुरती, पण ती सकाळी दहाच्या आत संपतात आणि अण्णा कुणासाठी बाजूला ठेवत नाहीत. मला ठेवली नाहीत तर तुम्हाला काय ठेवणार.

आता तक्रारी.

बाजरीचं पीठ. दुकानाबाहेर मुलानं हल्ली तयार पिठांच्या पिशव्या मांडल्यात, ज्वारी, बाजरी, नाचणी. बाजरीचं घेऊ नका. बाजरीत तेलाचा अंश जास्त, दळल्यावर काही दिवसांत पीठ कडू व्हायला लागतं, हे चुलीपुढं बसलेल्या कुठल्याही बाईला माहीत आहे. आणि हे पिशवीत भरून रस्त्याच्या उन्हात! मी घेतलेली पिशवी उघडल्याबरोबर खवट वास आला. परत नेली तर मुलगा म्हणाला, पॅकिंग फोडलंय, घेता येणार नाही. आता पॅकिंग न फोडता वास कसा घ्यायचा ते त्यानंच सांगावं. अण्णा तेव्हा दुकानात नव्हते. नंतर त्यांनी बदल्यात बाजरी दिली, न दळलेली आणि चांगली, पण पिशव्या अजून तिथंच उन्हात आहेत. ज्या दुकानात ज्वारी उत्तरातली की हस्तातली हे विचारून घेतात, तिथं पीठ कधी दळलं याची तारीख पिशवीवर नाही. ही बापाची आणि मुलाची दोन वेगळी दुकानं आहेत असंच मी धरून चालते.

दुसरं, बारदानाचे पैसे वेगळे, हमाली वेगळी. यार्डापेक्षा किलोला दोन-तीन रुपये जास्तच पडतात. मला ते पटतात, कारण माल चाळलेला असतो आणि खडा सापडत नाही. पण महिन्याला पाच किलो घेणाऱ्या घराला हा फरक सोसायचा की नाही, हे ज्याचं त्यानं ठरवावं. घरपोच देत नाहीत. बसायला एक स्टूल आहे, त्यावर नेहमी हमालाची पिशवी असते. दुपारी दीड ते चार बंद, आणि दीडला पाच मिनिटं कमी असताना गेलात तरी अण्णा कुलूप हातात घेऊन उभे असतात, मग ओळख असो वा नसो. घासाघीस केलेली त्यांना खपत नाही. “चलो ऐती (म्हणजे चांगलं आहे), पण भाव तेवढाच” हे उत्तर शेजारच्या विजापूरच्या गिऱ्हाइकाला मिळालेलं मी ऐकलंय.

कधी जावं? वर्षाची ज्वारी भरायची असेल तर गुढीपाडव्यानंतर. तोवर मळण्या आटोपलेल्या असतात, माल कोरडा असतो आणि निवडायला वाव असतो. होळीच्या आधी येणारी पहिली ज्वारी जरा ओलसर असते, साठवली तर किडा लागतो. घरी आणल्यावर दोन दिवस कडक ऊन दाखवा, गार होऊ द्या आणि मगच कडुलिंबाचा वाळलेला पाला घालून भरा. पावसाळ्यात घ्यायला गेलात तर मिळेल, पण उरलेली आणि चढ्या भावाची. सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत जानेवारीत त्या बाजूला गाडी घालू नका. त्याच दिवसांत यार्डाकडं कांद्याच्या ट्रकांची रांग असते, म्हणजे तिकडूनही सुटका नाही.

पैसे मोबाइलवरून घेतात, हे मुलामुळे झालं, तेवढं त्याचं श्रेय. रोख दिलेत तर अण्णा नोटा दोनदा मोजतात आणि सुट्टे नसतील तर कोपऱ्यातल्या चहावाल्याकडं पाठवतात. कट्टा दुचाकीवर नेणार असाल तर सुतळी घरूनच घेऊन जा, तिचेही पैसे लावतात.